बसणाऱ्या बाई

बाईंनी मराठवाड्यातल्या हजारो आत्म्यांना प्रकाशाकडे नेलं, असं त्यांच्या ऑनलाइन शोकसभेत एका थोर पाहुण्यांनी सांगितलं. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी कोणालाही कुठेही नेलं नाही. त्या जाऊन बसायच्या. आमच्या गल्लीत त्यांचं नावच 'बसणाऱ्या बाई' होतं, आणि ख्रिस्ती मिशनच्या कार्यालयाची त्यांच्याविषयीची कायमची तक्रारही तीच होती.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते किल्लारीत, भूकंपानंतरच्या आठवड्यात. मी कॉलेजच्या पोरांबरोबर ढिगारे उपसायला गेलो होतो. उपसण्यापेक्षा आम्ही लोकांच्या वाटेतच जास्त येत होतो. ट्रकमागून ट्रक येत होते, ब्लँकेटं वाटणाऱ्यांचे फोटो निघत होते. एका ढिगाऱ्यापुढे एक म्हातारी बसली होती. ढिगाऱ्याखाली तिचं घर होतं आणि घरात सगळे. तिच्याशेजारी सुती साडीतली एक बाई मांडी घालून बसली होती. सकाळी होती, दुपारी होती, दुसऱ्या दिवशीही होती. मी ऐटीत म्हणालो, "बाई, नुसतं बसून काय होणार? जरा हात लावा."

"हात लावणारे लई हायत, भाऊ," त्या म्हणाल्या. "हिच्यापाशी कुणी न्हाई."

बाई मूळच्या उमरीकडच्या, मिशनच्या दवाखान्यात आया. भूकंपानंतर मिशनने त्यांना लातुरात घरोघर भेटी देण्याच्या कामावर ठेवलं आणि त्या आमच्याच मागच्या खोलीत भाड्याने राहायला आल्या. महिन्याच्या शेवटी त्यांना एक छापील अहवाल भरावा लागे. 'भेट दिलेल्यांची संख्या', 'सुवार्ता ऐकलेल्यांची संख्या'. बाई दोन्ही रकान्यांवरून आडवं एकच लिहायच्या : बसले.

चर्चचे पाळकसाहेब अहवाल घेऊन परत यायचे. "बाई, आकडा लिहा हो."

"कशाचा?"

"किती जणांना प्रभूचं सांगितलं, त्याचा."

"इचारलं तर सांगते की. रडणारं माणूस इचारत न्हाई, साहेब."

पाळकसाहेब मऊ मनाचे होते. उसासा टाकून ते घरी जाऊन स्वतःच काहीतरी आकडा टाकायचे. पाहुण्यांचे हजारो आत्मे तिथूनच आले असावेत.

पुढे लातूर शिकवण्यांचं गाव झालं आणि मीही एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवू लागलो. चौकाचौकात गुणवंतांचे फलक लागले. ज्यांचे फोटो तिथे लागणार नव्हते, ती मुलं आमच्या गल्लीतल्या खोल्यांत असत. जळकोटच्या एका मुलीने परीक्षेनंतर जेवण सोडलं. मी तिला जिद्दीवर तासभर व्याख्यान दिलं. त्यानंतर तिने पाणीही सोडलं. बाई तिच्या खोलीत तीन दिवस जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी मुलीनेच विचारलं, "मावशी, तुम्ही काहीच का विचारत नाही?"

"मार्क इचारायला सगळं गाव हाय की," बाई म्हणाल्या. मुलगी हसली आणि जेवली. ती मोठी डॉक्टर झाली असं लिहायला मला आवडलं असतं. ती जळकोटला शिक्षिका आहे आणि बरी आहे.

मग साथ आली आणि कोणी कोणाजवळ बसायचं नाही असा हुकूम निघाला. बाई दोन दिवस उंबऱ्यात बसून होत्या. "सर, आता माझं काम काय?" त्यांनी मला विचारलं. आयुष्यात त्यांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. मी म्हणालो, फोन करा. मला वाटलं, त्या खुशाली विचारतील.

त्यांनी बटणांच्या फोनवरून एकेका आजाऱ्याला फोन लावला, "मी बाई बोलून राहिले" एवढं सांगितलं आणि गप्प झाल्या. लोक ओरडत, "हॅलो! हॅलो! बाई, आवाज येईना!"

"आवाज करूनच न्हाई राहिले," बाई म्हणत. "बसले हाय. तुमी पडा निवांत."

आठवडाभर लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. नंतर तेच लोक फोनला उशीर झाला की माझ्याकडे चौकशी करू लागले.

दुसऱ्या लाटेत आमचे अण्णा सरकारी दवाखान्यात दाखल झाले. माझे वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं त्यांनी लातूर स्टँडवर गाड्या पुकारल्या. आम्हाला आत जायला बंदी होती. वॉर्डातल्या एक मावशी रोज चार वाजता त्यांच्या उशाशी फोन धरायच्या, आणि पलीकडे बाई बसायच्या. पहिल्याच दिवशी अण्णा खेकसले, "बाई, गप्पच बसायचं तर फोनचे पैसे कशाला जाळता? काहीतरी वाचा."

"बायबल वाचू, अण्णा?"

"टाइमटेबल वाचा."

मी अण्णांचं जुनं वेळापत्रक बाईंच्या दाराखालून सरकवलं. बाई अडखळत वाचायच्या : निलंगा, उदगीर, किल्लारी. वेळ चुकली की अण्णा मास्कमधून ओरडायचे, "सात-दहा! सात-वीस न्हाई, सात-दहा!" बाहेर एसटी जवळपास बंद होती, त्यामुळे हे वेळापत्रक इतकं काटेकोर पूर्वी कधी पाळलं गेलं नसेल.

नवव्या दिवशी बाई अंगणात आल्या आणि माझ्यापासून लांब, तुळशीपलीकडे उभ्या राहिल्या. "सर, आज किल्लारीची गाडी चुकीची वाचली मी. दोनदा वाचली. अण्णा काही बोलले न्हाईत."

"मग?"

"मग वाचणं थांबवलं. बसले. मावशींनी फोन काढून घेईपर्यंत बसले."

दवाखान्याचा फोन त्यानंतर तासाभराने आला. माझे वडील एकटे गेले नाहीत, एवढं मला त्याआधीच कळलं होतं. मी देव मानत नाही. त्या तासात कोणी मला तसं विचारलं असतं, तर 'नाही' असं खात्रीने सांगता आलं नसतं.

महिन्याभरात बाई स्वतः आजारी पडल्या. लातुरात खाट मिळाली नाही, म्हणून त्यांना नांदेडला नेलं. चार वाजता मी फोन लावला आणि बोलत सुटलो : ऑक्सिजन किती, डॉक्टर काय म्हणाले, घाबरू नका, तुम्ही खंबीर आहात. शिकवण्याचा धंदा, शांतता मला सहन होत नाही. बाईंना धाप लागत होती. "सर," त्या म्हणाल्या, "किती बोलता. बसा की जरा."

मी बसलो. खिडकीत ऊन होतं, ते भिंतीवर चढून निघून गेलं. मी एक शब्द बोललो नाही. आयुष्यात मला एवढंच एक काम नीट जमलं असेल. तिकडचा श्वास ऐकू येत होता, मग येईना. तरी मी फोन कानाला धरून बसून राहिलो. शेवटी एका परक्या आवाजाने विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?" घरमालक म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

त्यांच्या दफनाला मोजून चार माणसं होती आणि त्यांतल्या एकानेही त्यांना पूर्वी पाहिलेलं नव्हतं. शोकसभेत शेवटी सगळ्यांचे माइक बंद करून दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. बाईंच्या पद्धतीने झालेलं तेवढंच.

साथीतून नुकतेच उठलेले पाळकसाहेब काठी टेकत आले आणि बाईंचा शेवटच्या महिन्याचा कोरा अहवाल माझ्यापुढे ठेवला. "तुम्हीच भरा, सर. माझ्याने होईना." मी दोन्ही रकान्यांवरून आडवं लिहिलं : बसले. पाळकसाहेबांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच त्यात आकडा न टाकता तसाच पाठवला.

पंधरा दिवसांनी तो परत आला. संख्या अंकांत लिहावी, असं वर लाल शाईने लिहिलं होतं.