आपोआप तेवणारा दिवा

स्वातंत्र्याला सातआठ वर्षं झाली असतील. यांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून आम्ही साताऱ्याकडून आलो आणि पवनेकाठच्या एका गावात गुरवाच्या घरातली खोली भाड्याने घेतली. घरमालकीण विधवा गुरवीण. मी तिला मावशी म्हणे. देवळातल्या भैरवनाथाचा नंदादीप तीच सांभाळायची, आणि हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे माहीत सगळ्यांनाच होतं, पण तसं दाखवायचं नाही, अशी रीत होती.

त्याचं असं झालं होतं. पूर्वी प्लेगच्या साथीत सगळं गाव घरं सोडून रानात झोपड्या बांधून राहिलं. साथ सरल्यावर परतलं, तर ओस गावात देवापुढचा दिवा तेवत होता. देवाने गाव राखलं, दिवाही स्वतःच राखला. त्याची आठवण म्हणून दर माघात सगळं गाव दिवसभर वेशीबाहेर जाई, पुरणपोळ्या हाणी, आणि दिवेलागणीला ढोल वाजवत परत येऊन चमत्कार बघे. पहिल्या वर्षी मी विचारलं, "मावशी, तुम्ही नाही येत?"

"मग तेल कोन घालंल?" ती म्हणाली. "गावात कुनी ऱ्हायचं न्हाई, असा नेम हाय. मला कुनात धरत न्हाईत."

प्लेगातही तीच राहिली होती, नवऱ्यासोबत. त्याच्या काखेत गाठ आली आणि तो गेला. त्या संध्याकाळीही तिने दिव्यात तेल घातलं. रात्री देवळात पुण्याहून आणलेल्या बुवांचं कीर्तन होई. त्यात यमदूत असत, भैरवनाथाचा घोडा असे, मेलेला गुरव तेवढा नसे. मला भारी चीड येई. चमत्कारही सोवळ्यातला असावा, माणसाचा हात लागला की बाटणारा.

एका वर्षी मावशी मला घेऊन पाटलांकडे गेली. मागणं एवढंच, की कीर्तनात तिच्या नवऱ्याचं नाव एकदा घ्यावं. पाटील सुपारी कातरत म्हणाले, "वैनी, चमत्कारात मानूस घातल्यावर चमत्कार कशाचा ऱ्हायला?"

उत्सवाच्या दिवशी मावशीने घराला कुलूप लावलं आणि माझ्याबरोबर रानात येऊन पंगतीत बसली. पोळीवर तूप मागून घेतलं. तिला बघून पाटलांचा घास हातातच राहिला. पण विचारणार काय? गावात कोणी नसतंच, मग आज कोणी नाही म्हणून ओरडायचं कोणत्या तोंडाने? एकाने जरा लवकर निघायचं सुचवलं. बुवा म्हणाले, मुहूर्त दिवेलागणीचाच आहे. त्या पंगतीत चमत्कारावर विश्वास असलेले ते एकटेच.

देवळात अंधार होता. ढोल थांबले.

"तेल कुनी घालायचं व्हतं?" पाटलांच्या तोंडून निघून गेलं.

"देवानं," मावशी म्हणाली. "दर साली त्योच घालतो न्हवं?"

ती गाभाऱ्यापाशी गेली आणि पदराखालून तेलाची बाटली काढली. तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. तिने घेतलं, मोठ्याने, गावादेखत. "त्ये हितं मेले. मागं मी एकली. या देवानं माजा हात सोडला न्हाई, म्हनून तेल घालत ऱ्हायले. सांगायचं तर देवाचं आन् मानसाचं, दोगांचंबी सांगा." मग तिने वात पेटवली. पाटील खाली बघत होते. मला वाटलं, आता तरी गाव विसरणार नाही.

पुढल्या वर्षी कीर्तनात नवी भर पडली. भक्तांची परीक्षा बघायला देवाने दिवा विझवला आणि त्यांची हाक ऐकून स्वतःच पेटवला. पाटलांसकट सगळं गाव माना डोलवत होतं. मावशी आता रानातच यायची, तेव्हा त्या दिवशी आत तेलाला पाटलांची धाकटी सून ठेवली होती. ती कीर्तनाला आमच्याशेजारी येऊन बसली. बोटं अजून तेलकट होती, आणि ती बुवांकडे डोळे फाडून बघत होती.

मावशी तिच्याकडे सरकली. "आता तूबी कुनी न्हाईस, पोरी," ती म्हणाली, आणि प्लेगात गेलेल्या आपल्या नवऱ्याचं नाव तिच्याकडून म्हणवून घेतलं.