पायरीपाशी टेकवलेल्या स्टिक

डोनाकाकूंनी मला राहायला खोली दिली, पहिल्या थंडीत नवऱ्याचा जाड कोट दिला, आणि मी नववीत शाळा सोडलीय हे कळल्यावरही माझ्याशी त्याच सुरात बोलत राहिल्या. हे आधी लिहायला हवं, मग बाकीचं. इथे अमेरिकेत, ट्रॉय शहरात, एका इंडियन रेस्टॉरंटात मी तंदूर सांभाळतो. महिन्यापूर्वी दुपारी तिथेच त्यांचा फोन आला, "वॉल्ट गेला." नान जळाल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आलो...

वॉल्टकाका त्यांचे यजमान. तरुणपणी उत्तरेकडच्या एका लहान गावाच्या टीमकडून एकच हिवाळा ते पगारी आइस हॉकी खेळले, मग गुडघा गेला आणि पुढे आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घरचे हीटर दुरुस्त केले. पहिल्या भेटीत मी म्हणालो, "आमच्याकडेही हॉकी असते, पण गवतावर." त्यांनी विचारलं, "पडलं की लागतं?" "लागतं." "मग तीच." शाळेचा विषय निघाला की मी काहीतरी काम काढून उठायचो. एकदा तेच म्हणाले, "मीसुद्धा हॉकीपायी शाळा सोडली. फरक एवढाच, तुझं काम लोक अजून मागून खातात." काकू आतून म्हणाल्या, "गोल किती केलेस तेही सांग त्याला." "एकही नाही. पण ज्यांनी केले त्यांना विचार, पास कुणी दिला." संध्याकाळी टीव्हीसमोर बसून ते आपल्या जुन्या स्टिकवरची काळी टेप उकलायचे आणि नवी गुंडाळायचे. खेळणं तर कधीच संपलं होतं...

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बर्फ काढायला बाहेर आलो, तर पायरीपाशी हॉकीच्या स्टिक टेकवलेल्या. शेजारची मुलं विसरली असतील, असं वाटलं. माणूस गेलेल्या घरी लोक भेटायला येतात, दारात पसारा नको, हे आमच्या घरचं वळण. मी त्या गॅरेजमध्ये ठेवल्या, पायरी झाडली, दिवसाउजेडी उगाच जळणारा दारावरचा दिवाही बंद केला. काकूंच्या उपयोगी पडलो म्हणून बरं वाटत होतं.

दुपारी त्या खिडकीशी बसून होत्या. म्हणाल्या, "इथे हॉकीवाला गेला की लोक त्याच्या दाराबाहेर स्टिक ठेवतात, दिवा चालू ठेवतात. वॉल्टसाठी कुणी ठेवली नाही. एका हिवाळ्याचा खेळाडू कोण लक्षात ठेवणार..."

माझे कान गरम झाले. गुपचूप परत ठेवाव्यात, असंही मनात येऊन गेलं. मग म्हणालो, "काकू, ठेवल्या होत्या. मी आवरल्या."

गॅरेजमध्ये काकू एकेका स्टिकवरून हात फिरवत राहिल्या. "ही पोस्टमनची. आणि ही समोरच्या मुलीची, तिला स्केटिंग वॉल्टनेच शिकवलं." मग डोळे पुसून म्हणाल्या, "चल, ठेव परत. आणि दिवा लाव. त्याला पुन्हा हात लावू नकोस." रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी मला जेवायला बसवलं.

बाकीच्या स्टिक लोक घेऊन गेले. आता काकूंनी ठेवलेली वॉल्टकाकांची तेवढी तिथे आहे, टेप अर्धीच गुंडाळलेली. बर्फ काढताना मी ती उचलतो, खालचं झाडतो आणि होती तशी टेकवतो. ते उत्तरेकडचं गाव काकूंनी कधी पाहिलेलं नाही. काका तिथे खेळले तेव्हा दोघांची ओळखही नव्हती. आता काकूंना लांबचं दिसत नाही, आणि मला अजून हायवेवर गाडी चालवायची भीती वाटते. ट्रक शेजारून गेला की मी वेग कमी करतो... पण काकू, एक दिवस तुम्हाला तिथे मीच घेऊन जाईन. स्टिक मागच्या सीटवर ठेवू.