दीड वीत बर्फ

लेर्खबाखच्या डोंगरावर स्कीची लिफ्ट कधी चालू होणार, हे परगावचे लोक लिफ्टच्या ऑफिसात जाऊन विचारतात. गावातले लोक बुर्गलला विचारतात. बर्फ किती पडला याला तिच्या लेखी फारसा अर्थ नाही. तो कशावर पडला ते आधी सांगा. "दगडावर झोपायचं तर गादी जाड लागते, गवतावर चादरही पुरते," असं ती म्हणते आणि समोरच्याकडे अशी बघते, की एवढं साधं न कळल्याची त्याचीच त्याला लाज वाटावी.

पूर्ण नाव नोटबुर्गा प्राक्समारर, पण ते चर्चच्या नोंदवहीपुरतं. वय चौसष्ट, उंची बेताची, जीभ तिखट. तिरोलच्या या खोऱ्यात पाद्रीबाबा सोडले तर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. बुर्गल रागावली की पाद्रीबाबांनाही सोडत नाही.

तेविसाव्या वर्षी लग्न होऊन ती या घरात आली. घरामागचं कुरण छपरासारखं उभं. गाय तिथं चरायला चढत नाही, आणि चढलीच तर खाली कशी येईल ते देवालाच ठाऊक. नवरा धरणाच्या कामावर गेला तो तिकडेच छातीच्या दुखण्यानं वारला, आणि कुरण बुर्गलच्या गळ्यात पडलं. तेव्हापासून दर ऑगस्टला ती बुटांना लोखंडी काटे बांधून वर चढायची. कमरेला गाईचं शिंग, त्यात पाणी आणि धार लावायचा दगड, हातात लांब दांड्याचा विळा. वसंतात बर्फ वितळला की टोपली घेऊन दगड वेचायची. "जमीन दरसाल नवे दगड विते," ही तिची कायमची तक्रार. पंचवीस वर्षांत तिनं ना एक ऑगस्ट चुकवला, ना एक वसंत.

लिफ्ट नंतर आली. ती आल्यावर शेजाऱ्यांनी विळे खुंटीला टांगले, घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या, आणि त्यांच्या कुरणांवर काटेरी झुडपं माजली. आता त्यांच्या पट्ट्यांवर मांडीएवढा बर्फ असला तरी स्कीचे तळ खरवडून निघतात. कड्याखाली नुसते खडक आहेत, तिथं तर छातीएवढा हवा. बुर्गलच्या कुरणावर दीड वीत पुरतो. मात्र गवत न कापता सोडलं, तर ते बर्फाखाली लोळतं, ओलं होतं, आणि वरचा बर्फाचा अख्खा थर तव्यावरून धिरडं सुटावं तसा सुटून खाली येतो. मधल्या दगडांवर मग पांघरूणच राहत नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या पट्ट्यावर एका पाहुण्याचा गुडघा गेला तो असाच.

चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये कुरणाचा खालचा अर्धा भाग कापून झाला, आणि बुर्गल पडली. एवढ्या उभ्या उतारावर जन्मात न घसरलेली बाई गोठ्यातल्या पाच पायऱ्यांच्या शिडीवरून पडली. खुबा दुखावला. डॉक्टरनं सहा आठवडे झोपून राहायला सांगितलं. एकुलता एक मुलगा कासियान तेव्हा एकतीस वर्षांचा, लिफ्टचं यंत्र सांभाळतो. तिनं त्याला वरचा अर्धा भाग कापायला सांगितलं. "कापतो," तो म्हणाला. दहा दिवसांनी तिनं विचारलं, तर "कापलं" म्हणाला.

"गवत कुठंय?"

"वरच रचून ठेवलंय. जानेवारीत घसरगाडीवरून खाली आणू. तसंच तर आणतो आपण."

तसंच आणतात, म्हणून तिनं पुढं विचारलं नाही. वरचा भाग घरातून दिसत नाही, टेकाडाआड जातो. खुबा दुखत होता, मुलावर विश्वास होता, विषय संपला.

डिसेंबर कोरडा गेला. डोंगर तपकिरी, गावाची तोंडं आंबट. बावीस तारखेला एकदाचा बर्फ पडला, मोजून दीड वीत. तेवीसला सकाळी लिफ्टचा प्रमुख रोमेद काठी आणि फावडं घेऊन निघाला. हंगामाच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे रीतच आहे ती: कुरणाचा मालक आपल्या पट्ट्यावर उभा राहतो, रोमेद विचारतो "खाली काय?", मालक सांगतो, आणि रोमेद तरीही दोन-तीन खड्डे खणून बघतो. बुर्गलच्या कुरणावर त्यानं आजवर फावडं लावलं नव्हतं. ती सांगायची आणि तो मान डोलवून पुढं जायचा. या मानाबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही, पण त्या दिवशी ती ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधायची.

शेजारचे पट्टे तर पार बादच होते. दीड वीत बर्फातून झुडपं डोकं वर काढून बघत होती. नाताळाचा सगळा धंदा बुर्गलच्या कुरणावर येऊन ठेपला.

"बुर्गल, खाली काय?"

"बोटभर गवत. दगड एक नाही. वरच्या झाडापासून खालच्या कुंपणापर्यंत."

"मग कर की चालू!" खानावळवाली फिलोमेना ओरडली. "माझ्याकडं वीस माणसं तीन दिवस पत्ते कुटतायत. आता एकमेकांना चावायची बाकी राहिलीत."

सगळे हसले. यंत्राच्या खोलीच्या दारात उभा असलेला कासियान मात्र हसला नाही. तो हातमोज्याचा सुटलेला धागा ओढत होता. बुर्गलची नजर त्या धाग्यावर गेली. आठ वर्षांचा असताना त्यानं सायीचं मडकं फोडलं होतं, तेव्हाही स्वेटरचा धागा असाच ओढत बसला होता. मग तिला गवताच्या गंजी आठवल्या. शरदात बोलता बोलता त्यांचा आकडा निघाला होता, तेव्हा तो एकदा दोन म्हणाला होता, एकदा तीन. दोन नव्हे, तीन नव्हे. एकही नव्हती.

गप्प राहावं तर दुपारपर्यंत वीस माणसं त्या न कापलेल्या गवतावरून खाली येणार. बोलावं तर लिफ्टचाच माणूस लिफ्टच्या कामात खोटं बोलला म्हणून गावासमोर पोराची अब्रू जाणार, कदाचित नोकरीही. बुर्गलनं मग जे केलं ते तिला शोभणारं नव्हतं, पण आई होती ती.

"थांब रोमेद. वरचा अर्धा राहिलाय. पाय दुखत होता, मला जमलं नाही. खालचाच चालू कर."

"अगं, आत्ता तर वरच्या झाडापासून म्हणालीस."

"म्हातारी झाले. विसरले."

"तू विसरलीस?" फिलोमेना म्हणाली. "माझ्या सासूच्या कोंबडीनं तुझ्या परसात घातलेलं अंडं तुला अजून आठवतंय, आणि अर्धा डोंगर विसरलीस?"

पुन्हा हशा पिकला. तेवढ्यात कासियान पुढं आला.

"ती विसरली नाही. मीच तिला कापलं म्हणून सांगितलं. यंत्र उघडून ठेवलं होतं, मग पाऊस लागला, मग... नाही कापलं मी. एक पातंही नाही."

पोरगा उशिरा का होईना, खरं बोलला. त्याच्या पदरात एवढं टाकायलाच हवं. बुर्गल त्याच्याकडे वळली.

"जन्मात एकदा खोटं बोलले," ती हळूच म्हणाली, "तेही तुला पचू द्यायचं नव्हतं."

रोमेदनं फावडं उचललं. बर्फात खुपसलं नाही, नुसतं उचललं, आणि अवघडून उभा राहिला.

"बुर्गल, मला आता खालचंही बघावं लागेल."

"बघ ना."

"खालचं तिनं स्वतः कापलंय!" कासियान ओरडला. "पडायच्या आधी! तिच्या कुरणावर तू कधी खणलंयस?"

"तू गप्प बस," बुर्गल म्हणाली. "खणू दे त्याला."

कासियानला आपण काय करून बसलो ते आत्ता कळलं. गवत काय, पुढच्या उन्हाळ्यात कापता आलं असतं; आईच्या शब्दावर मात्र पहिल्यांदाच फावडं पडणार होतं. रोमेदनं पहिला खड्डा घेतला. बोटभर गवत. दुसरा घेतला, तिथंही तेच. तिसऱ्यासाठी त्यानं जवळच फावडं टेकवलं.

"तिथं नको," बुर्गल म्हणाली. "तिकडं ओढ्याच्या कडेला घे. दगड वर येतात ते तिथंच."

रोमेद तिकडं गेला. ती लंगडत मागून गेली, हातमोजा काढला आणि खड्ड्यात हात घालून जमीन चाचपली. बटाट्याएवढा एक दगड सापडला. तो ओढून तिनं ओढ्यात भिरकावला. हात लाल झाला होता.

"आता कर चालू. अर्धाच."

त्या नाताळात लोक अर्ध्या कुरणावर स्की खेळले. कोणाला काही झालं नाही. कासियानची नोकरीही राहिली.

पुढच्या ऑगस्टपासून कुरण कासियानच कापतो, वरपासून खालपर्यंत. सुरुवातीला इतकं वाकडंतिकडं कापायचा, की खिडकीतून ओरडून ओरडून बुर्गलचा घसा बसायचा. आता बरं कापतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी रोमेद येतो, "खाली काय?" विचारतो, कासियान सांगतो, आणि रोमेद तीन खड्डे खणतो. चार वर्षं झाली, दर खेपेला बोटभर गवतच निघतं. यंदा रोमेदलाच कसंसं वाटलं. फावडं खांद्यावर टाकत तो म्हणाला, "राहू दे बुर्गल. तुझ्या कुरणावर कशाला खणायचं आता?"

"खण," बुर्गल म्हणाली. "माझा शब्द तेव्हाच संपला. आता त्याचा तयार व्हायचाय."