आक्काच्या पिकअपची चाकं: बेळगाव, निपाणी, जांबोटी

मी बेळगावातल्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. घर्षणाचा धडा गेली अठरा वर्षं दरवर्षी शिकवलाय. त्यामुळं आक्काचा फोन आला, "टायरं संपल्यात, तू शिकलेला हायस, तूच बघून सांग," तेव्हा मला ते एका संध्याकाळचं काम वाटलं. प्रत्यक्षात तीन आठवडे गेले आणि शेवटी दोन दिवसांचा प्रवास करावा लागला. पिकअपला नवी चाकं घ्यायचा कुणाचा विचार असेल तर हे वाचा. ठाम उत्तर मात्र माझ्याकडं नाही.

आक्का माझी थोरली बहीण. जांबोटीच्या पुढं जंगलातल्या एका वाडीवर राहते. भाऊजी गोव्याला कामाला. आक्का स्वतः पिकअप चालवते, आसपासच्या घरांतलं दूध गोळा करून रोज बेळगावला आणते. वाडीवर बस दिवसातून एकदा, तीही आली तर. म्हणून दुधाच्या कॅनांसोबत माणसंही याच गाडीतून यायची. गेल्या पावसाळ्यात घराखालच्या उतारावर गाडी घसरली आणि कडेच्या दरडीला आडवी टेकली. पुढच्या सीटवर शेजारची पार्वती होती, सातवा महिना लागलेली. तिला काही झालं नाही, पुढं बाळंतपणही सुखरूप झालं. पण त्या दिवसापासून आक्कानं गाडीत माणूस घेणं बंद केलं. कॅन नेते, माणूस नेत नाही. वाडीची माणसं जांबोटीपर्यंत चालत जातात.

म्हणजे मला नुसता टायर शोधायचा नव्हता. आक्काला पुन्हा धीर येईल असं काहीतरी शोधायचं होतं.

तीन आठवडे मी व्हिडिओ बघितले. एक जण म्हणतो रुंद टायर घ्या, पकड वाढते. दुसरा म्हणतो अरुंद घ्या, चिखल कापून खाली टणक जमिनीवर बसतो. मी वर्गात शिकवतो की घर्षण पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, म्हणजे दोघंही चूक. मग टायर वेगवेगळ्या रुंदीचे का बनवतात, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर अनगोळमधल्या माझ्या घराजवळची तीन दुकानं पालथी घातली. पहिला म्हणाला अलॉय चाकं घाला, सोळा इंची. दुसरा म्हणाला मड टायर, खास चिखलासाठी बनवलेले. तिसरा म्हणाला, "सर, जे हाय तेच परत घाला," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. तिघंही सारख्याच खात्रीनं बोलत होते, त्यामुळं मी जास्तच गोंधळलो.

एका जुन्या विद्यार्थ्यानं निपाणीचं एक दुकान सुचवलं. तिथं चाकं बसवून, चालवून बघू देतात म्हणे. शनिवारी सकाळी दूध पोचवून आक्का सरळ माझ्या दारात आली आणि आम्ही निघालो.

बेळगाव ते निपाणी साधारण पंचाहत्तर किलोमीटर, रस्ता चांगला, काही ठिकाणी काम चालू असल्यानं वळसे. हत्तरगीचा टोल लागतो, फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आधी बघा. आमच्यात नव्हते, दहा मिनिटं त्यात गेली. संकेश्वरला बसस्टँडजवळ इडली-वडा आणि चहा, दोघांचे मिळून एकशे तीस रुपये. सांबार गोडसर होतं. मी वही काढून आक्काला साइझचे आकडे समजावत होतो. तिनं वडा संपवला आणि म्हणाली, "ते सगळं ऱ्हाऊ दे. उतारावर थांबंल का न्हाय, येवढं सांग."

मी बिल द्यायला उठलो.

तवंदी घाटात हिरवळ अजून टिकून होती, वर वारा छान. फोटोसाठी थांबायचं असेल तर कडेला पुरेशी जागा बघूनच थांबा, ट्रक वेगानं उतरतात. आक्का एका लयीत गियर बदलत होती. मला जाणवलं, तिच्या शेजारी बसून मी इतक्या लांब कधी आलोच नव्हतो.

निपाणीचं दुकान हायवेच्या सर्व्हिस रोडला आहे. बाहेर पाटी कन्नडमध्ये, आत किमतीचे कागद इंग्रजीत, बोलणं सगळं मराठीत. मालक शिवानंदअण्णा, पन्नाशीचे, बोलायला गोड. त्यांनी काळी अलॉय चाकं आणि त्यावर दीडपट रुंद वाटणारे टायर काढले. चारांचा सेट पासष्ट हजारांच्या आसपास. आमची जुनी चाकं दुकानात ठेवून तासाभरात ती बसवलीसुद्धा. गाडी एकदम उंच, रुबाबदार दिसायला लागली. मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मनातून ठरवूनही टाकलं.

"कोगनोळीपत्तर जाऊन या, आक्का," अण्णा म्हणाले. "पसंत पडलं तर घ्या, न्हायतर काढून देतो."

कोगनोळी दहा-बारा किलोमीटर. सरळ रस्त्यावर गाडी मऊ चालली. टोलनाक्याच्या अलीकडं आक्कानं सर्व्हिस रोडवर गाडी वळवायला स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि पुढून खर्र असा आवाज आला. टायर आतून घासत होता. तिनं परत फिरवलं, परत आवाज.

"आतलं प्लॅस्टिक थोडं कापलं की जाईल ते," मी म्हणालो. व्हिडिओत तसंच सांगितलं होतं.

आक्कानं गाडी बाजूला घेतली. तिथं एक ट्रकवाले आप्पा चहा पीत उभे होते. त्यांनी चाकांकडं बघितलं, मग मागच्या हौद्याकडं.

"वजन किती घालतासा?"

"दुधाचे कॅन, कवाकवा पेंडीची पोती. टनभर व्हतंय," आक्का म्हणाली.

आप्पांनी वाकून टायरच्या कडेवरचा आकडा वाचला. "एकशे पाच. ह्ये जीपगाडीचं टायर हाय, आक्का. मोकळी गाडी पळंल. भरल्यावर मागच्या दोन चाकांवर लई भार येतोय, त्याला मोठा आकडा पायजे."

त्या आकड्याला लोड इंडेक्स म्हणतात. एक टायर किती वजन पेलेल, ते त्यावरून कळतं. माझ्या वहीत रुंदी होती, उंची होती, नक्षी होती, सहा कंपन्यांची तुलना होती. हा आकडा नव्हता. मी मोबाइलवर तक्ता काढून तिथंच हिशेब केला, आप्पा बरोबर होते. मला फार लाज वाटली. पासष्ट हजार रुपये देऊन मी बहिणीच्या गाडीला दिसायला मोठी आणि भार पेलायला कमजोर चाकं घालणार होतो.

परत येताना आक्कानं आपणहून विषय काढला. "मला ती रुंद टायरं पहिल्यापास्नंच नको हुती. आमच्या उतारावर वर चिखल, खाली जांभा दगड. बारीक चाक खाली जाऊन दगडाला धरतंय."

"मग सकाळपासून बोलली का नाहीस?"

"तू येवढं वाचलंयस. मला वाटलं, माझंच चुकत असंल."

अण्णांनी काही कुरकुर न करता चाकं उतरवली. आता ठरलं ते असं: जुनीच लोखंडी चाकं, मूळ मापाचे, अरुंद, जास्त भाराचे टायर, नक्षी थोडी खोल. चारांचे सव्वीस हजार. जुने टायर काढायला फिटर बाबूभाई बसले. मागच्या डाव्या चाकापाशी ते थांबले आणि रिम आम्हाला दाखवली. आतल्या कडेला एक जागा चेपलेली होती, बोट घातलं तर जाणवेल इतकी.

"हितनं हवा जात असणार," ते म्हणाले. "ह्या चाकात घडीघडी हवा भरायला लागत हुती काय?"

"व्हय," आक्का म्हणाली. "दर चार दिसाला. मला वाटलं, टायर जुनं झालंय."

मग तिनं थांबून विचारलं, "गेल्या पावसात गाडी घसरली. ती ह्यानं व्हय?"

बाबूभाईंनी रिम फिरवून बघितली. चेपलेल्या जागी गंज होता. "हवा कमी असंल तर घसरू शकती. पण ही दरडीवर आपटून वाकली का त्याच्या आदी वाकली, ते आता कसं कळणार? गंज वरसाचा बी असंल, दोन वरसाचा बी."

आक्का रिमकडं बघत राहिली. "मी ब्रेक लई जोरात दाबला हुता," ती म्हणाली. माझ्याकडं बघून नाही, रिमकडंच बघून. "पार्वती वरडली आणि मी घाबरून दाबला. आजपत्तर कुणाला बोलले न्हाय."

ब्रेकमुळं घसरली, हवेमुळं, की झिजलेल्या टायरमुळं? मी शिक्षक आहे, कारण शोधून देणं हे माझं काम. इथं तीन कारणं समोर होती आणि त्यातलं एकही मला वेगळं काढता येत नव्हतं. मी नवीन लोखंडी रिम घ्यायला सांगितली, तीन हजारांची, आणि आक्कासाठी चहा आणायला गेलो.

एका दिवसाची दुधाची खेप चुकवून त्या रात्री आक्का आमच्याकडं राहिली. रविवारी मी तिच्याबरोबर वाडीवर गेलो. बेळगावपासून जांबोटी तीसेक किलोमीटर, पुढं वाडीपर्यंत कच्चा रस्ता. स्वतःची छोटी कार घेऊन त्या शेवटच्या टप्प्यात जाऊ नका. आक्कानं हवेचा दाब मोजला, हौद्यात पेंडीची पोती घातली, मला शेजारी बसवलं आणि तो उतार तीन वेळा उतरून-चढून बघितला. माती ओली होती. दुसऱ्या फेरीला मागचं चाक किंचित सरकलं, मी दरवाजा घट्ट धरला. आक्कानं ब्रेकला पाय लावला नाही. पहिल्या गियरमध्ये गाडी आपोआप सावरली.

"टायर चांगलं हाय," ती म्हणाली. मला विचाराल तर ते टायरचं काम होतं की तिचं, मी सांगू शकत नाही.

तिसऱ्या फेरीनंतर ती पार्वतीच्या दारात थांबली. पार्वती बाळाला घेऊन बाहेर आली. आक्कानं गाडीतूनच सांगितलं, "उद्या लशीचा डोस हाय न्हवं त्याचा? चालत जाऊ नको. साताला तयार ऱ्हा."

पार्वतीनं चाकांकडं नजरसुद्धा टाकली नाही. "बरं," म्हणाली, आणि बाळाला आत घेऊन गेली.

दुपारी आक्काकडं नाचणीची भाकरी, सुक्या बांगड्याची चटणी आणि भात जेवलो. बस आली नाही, म्हणून जांबोटीपर्यंत चालत निघालो. आक्का सोडायला तयार होती, मीच नको म्हणालो. पायांनी तो रस्ता बघायचा होता. पाऊण तास लागला, दोनदा घसरलो.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "मग कुठलं टायर चांगलं?" मी वही काढली आणि मिटून ठेवली. भार किती ते आधी ठरवा, कडेवरचा आकडा वाचा, रिम तपासून घ्या, गाडी जो चालवतो त्याला पहिल्यांदा विचारा. इतकं मी खात्रीनं सांगू शकतो. बाकी गोंधळ आहे तसाच आहे. माझी बहीण अकरा वर्षं त्या उतारावरून रोज गाडी नेते-आणते, आणि त्या उतारावर मी तिच्या शेजारी पहिल्यांदा बसलो ते या रविवारी.