पुलावर न चढणारी गाडी

"क्लच गेलाय, मावशी. बदलून टाका. आणि हिला सांगा, गाडी चालवणं तिचं काम नाही."

सावंतांनी गॅरेजात शिरताच निकाल दिला आणि किल्ली माझ्याकडे टाकली. त्यांची बायको नीता मागे उभी होती. तिला महाप्याच्या कंपनीत नोकरी लागली होती. शिफ्ट पहाटेची. त्या वेळी वाशीहून बस नसे, म्हणून ती गाडी नेई. आता गाडी पुलावर चढेना, मागचे हॉर्न वाजवत. क्लच तिनेच जाळला असं ठरलं असतं, तर गाडी गेली असती आणि नोकरीही.

मी चौथी शिकलेली. तुर्भ्याचं गॅरेज नवऱ्याचं, तो गेल्यावर माझं. निकाल ऐकून मी नट खोलत नाही. गाडी चढावर नेली. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवर राहते. इथे इंजिनच ओरडेना. नाक दाबून पळणाऱ्या माणसासारखं गुदमरत होतं.

प्लग बघितले, एअर फिल्टर बघितला. ठीक होते. मग इंजिन चालू ठेवून नीताला मागे बोलावलं.

"सायलेन्सरच्या तोंडामागं हात धर. काय लागतं?"

"काहीच नाही. जरासं कोमट."

"तेच दुखनं हाय."

पंचाण्णवनंतर शहरात आलेल्या नव्या गाड्यांना सायलेन्सरच्या आधी एक डबा असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी, धूर तिच्यातून साफ होऊन जातो. जाळी तुंबली की धूर बाहेर पडत नाही, आणि इंजिनला श्वास घेता येत नाही. धूर आधीच सुटावा म्हणून, पाइप निवल्यावर मी डब्याच्या अलीकडचा जोड सैल केला.

"नीता, तू चालव. सावंत, मागं बसा."

गाडी ट्रॅक्टरसारखी बोंबलली, पण तिसऱ्या गिअरमध्ये पूल चढली. क्लचवर नीताचा पाय टेकलेला नव्हता. मी शेजारी बसून सगळा वेळ तिथेच बघत होते.

परत आल्यावर विचारलं, "पेट्रोल कुठलं भरता?"

"अनलेडेडच," सावंत म्हणाले. म्हणजे शिसं नसलेलं.

"आनि गावाला?"

नीता सहज बोलून गेली, "गावाला हे टाकीला नरसाळं लावतात. तिथल्या पंपाची नळी तोंडात जात नाही ना."

जाणार कशी? गावात तेव्हा शिशाचंच पेट्रोल मिळे. शिशाचं पेट्रोल चुकून भरू नये म्हणूनच या गाड्यांच्या टाकीचं तोंड अरुंद केलेलं. शिसं त्या जाळीचं वाटोळं करतं.

सावंत चिडले. "आई आजारी असते तिकडे. गावात दुसरं पेट्रोलच मिळत नाही. गाडी काय ढकलत आणू?"

ते खोटं नव्हतं. "पनवेलला टाकी भरून जात जा," मी म्हटलं. "पन बायकोवर ढकलू नका."

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. मग म्हणाले, "डबा नवीन बसवा."

गाडी न्यायला नीता एकटी आली. किल्ली घेतली, सीट पुढे ओढली आणि गेली. या वेळी पुलावर मागून कोणी हॉर्न वाजवला नाही.

गाडी ओढत नसेल तर आधी तिच्या मागे हात धरून बघा. चालवणाऱ्याचे पाय नंतर तपासा.