पुढं सरकलेली सीट

सडक अर्जुनीच्या ज्या ढाब्यावर मी दर आठवड्याला चहाला थांबायचो, त्याच्या मागच्या टिनाच्या शेडात एक उंच, वाळका म्हातारा जुनी स्पोर्ट्स कार दुरुस्त करायचा. दोनच सीटची, जमिनीला टेकल्यासारखी लाल गाडी. भंगारातून आणली तेव्हा तिच्यात वारूळ होतं म्हणे. पत्रा घासता घासता तो मान तिरकी करून थांबायचा, आतून कुणी बोलतंय ते ऐकत असल्यासारखा, आणि हळूच "हो, हो" म्हणायचा.

ड्रायव्हरची सीट मात्र स्टिअरिंगला अगदी चिकटलेली. एका दुपारी मी विचारलं, "सीट एवढी पुढं काऊन ठेवली? तुमचे तर गुडघे अडतील."

"मले कुठं चालवता येते?" तो म्हणाला. "मी रोज मागं सरकवतो. सकाळी पुढंच आलेली राहते. ज्याची गाडी, तो ठेंगणा दिसते."

मी हसलो. तो हसला नाही. त्यानं दार उघडलं. "बसून पाहा ना."

मी बसलो. मी बुटका माणूस. कुठल्याही गाडीत मला पाठीमागं उशी लागते. इथं पाय थेट पेडलवर टेकले. म्हाताऱ्यानं मला नीट न्याहाळलं, सुटल्यासारखा श्वास सोडला आणि बाहेरून दार हलकेच लावलं.

मी घाईनं उतरलो, तेव्हा हात पुसत तो म्हणाला, "आज नोका नेऊ. ब्रेकचं काम बाकी आहे."

त्यानंतर मी तिथं कधी थांबलो नाही. ते काम आता झालं असेल.