जपान्याफुडं घातलेला जोहार

"ए, तू हो फुडं. तुला सवय हाय वाकायची."

जमादारानं पाठीत हात घालून मला ढकललं. फुडं नाक्यावर जपानी शिपाई उभा. बंदुकीला संगीन. सिंगापूर जपान्याच्या हातात पडून चार-पाच दिस झालं व्हतं आन इंग्रजाच्या फौजेतली आमी सगळी कैदी. हुकूम असा, की नाक्यावरनं जाताना शिपायाफुडं कमरेत वाकायचं. कमी वाकला की मुस्काडात. जमादारानं आदल्या दिशी दोन खाल्ल्या व्हत्या.

मी फुडं झालो. आन माझ्याकडनं काय झालं म्हनता? दुसऱ्यावानी कमरेत वाकायचं सोडून मी पार खाली गेलो. हात भुईला लावला, कपाळाला लावला आन म्हनलो, "जोहार मायबाप." सातासमुद्रापल्याड! आपसूक झालं वो. भ्या वाटलं की अंगाला तेवढं एकच ठावं.

शिपाई हसला. सगळ्यांस्नी सोडलं. आन आमची मानसं बी हसली. जमादार तर डोळ्यातनं पानी येस्तोवर. "आरं, आमच्या पाटलाला बी असा जोहार मिळत न्हाई गड्या!" ह्यो जमादार आमच्याच गावचा, पलूसच्या अंगाचा, पाटलाच्या भावकीतला. मी महाराचा. त्याच्या हाताखाली मजूर तुकडीत भरती झालतो, खोरं-कुदळ मारायला. तवापासनं रोज नाक्यावर मलाच फुडं काढायचा. मी भुईला लागलो की बाकीच्यांचं थोडक्यात भागायचं.

नाक्याजवळ एका चिनी म्हातारीचं चहाचं दुकान व्हतं. लढाई यायच्या आधी मी तितं जायचो. ज्या कपात जमादाराला चहा, त्याच कपात मला. हे बघून जमादारानं दुकान सोडलं. मी कशाला सोडतोय? तिचा ल्योक साळंत मास्तर, चष्मेवाला. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायचा. जपान्यानं चीनमदी त्यांचं गाव जाळलं, बाप मारला, म्हनून मायलेकरं पळून हितं आली. तिकडं लढणाऱ्या आपल्या मानसांस्नी तो औषधं गोळा करून पाठवायचा. जपानी तोच राग धरून आला व्हता.

एके सकाळी रस्त्यावर चिनी गड्यांच्या रांगा लावल्या. दुकानदार, हमाल, मास्तर. लढाईचा मानूस म्हनाल तर एक दिसंना. तोंडावर फडकं बांधलेला खबऱ्या नुसती मान हलवायचा. मान हलली की गडी लॉरीत. मास्तराच्या वक्ताला मान हलली.

म्हातारी धावली. शिपायाफुडं रस्त्याला कपाळ टेकलं. उठली, परत टेकलं. कपाळ फुटलं. माझ्यापरीस खाली वाकली ती. शिपायानं तिच्याकडं बघितलं सुदीक न्हाई. लॉरी गेली.

तिसऱ्या दिशी आमाला खोरी देऊन समुद्राकाठी नेलं. वाळू ओढायची, म्हनले. वाळूखाली काय ते कुनी सांगितलं न्हाई. लाटंनं हात उघडं पडलं व्हतं, तारंनं बांधलेलं. मला वांती झाली. तरी मी वाळू ओढली. खोटं कशाला बोलू, लय भ्यालो व्हतो. न ओढणाऱ्याला तितंच गाडलं आसतं. पन खोरं मारताना डोक्यात एकच गिरगिरत व्हतं. आबा, म्हंजे माझा बाप, मला बारकं आसल्यापासनं सांगत आलाय, वाक म्हंजे वाचशील. ही बाई येवढी वाकली. मंग तिचा ल्योक का न्हाई वाचला?

लढाई सपली. हाडाचा सापळा होऊन मी गावाकडं आलो. आबा मला आनायला फाट्यावर आला व्हता. चावडीफुडनं चाललो तर जमादार बसलेला, भोवती पाटलाची मानसं.

"आरं ये ये! ह्यो बघा, जपान्याला जोहार घातलेला गडी. घाल की रं एकदा, दाव ह्यांस्नी."

घर आमचं गावाभाईर, कुडाचं. पेटवायला एक काडी बास.

"न्हाई घालत."

"काय म्हनलास?"

"न्हाई घालत, जमादार. तितं तुमी बी वाकला व्हता. दोन मुस्काडात खाऊन वाकला व्हता."

जमादार उठला. त्याच्या हातात काठी. तेवढ्यात माझा आबा मधी पडला, धुळीत कपाळ टेकून. "चुकलं लेकराचं, मायबाप. चुकलं."

मी डोक्यावरची पेटी खाली टाकली. आबाच्या बगलंत हात घालून त्याला उभा केला. म्हातारा परत खाली बसाया बघत व्हता. "सोड मला. आरं मारत्याल!"

"मारू द्यात आबा. वाकलं तरी मारत्यात. मी बघून आलोय."

काठी माझ्या खांद्यावर बसली. दुसरी पाठीत. मी आबाला धरून उभाच राह्यलो. खांदा आजबी वर जात न्हाई. म्हैन्याच्या आत गावानं आमाला दुकानातला माल बंद केला, दळण बंद केलं. आमी मिरजंला आलो आन टेसनावर हमाली धरली.

भ्या गेलं म्हनून सांगनार न्हाई. अजून वर्दी दिसली की हात आपसूक भुईकडं जाया बघतो. बघू दे. पन माझ्या घरात आता कुनी कुनाला जोहार घालत न्हाई. ज्याला मारायचं आसंल, त्यानं उभ्या मानसाला मारावं.